खिशातला प्लग

श्रीरंगने रिमोटवर पळणाऱ्या खेळण्यातल्या बग्गीतली विजेची मोटर काढून इंधनावर चालणारं नायट्रो इंजिन बसवलं आणि माझ्या बॅटरीवाल्या बग्गीकडे आमच्या अलीगंज मोहल्ल्यात कुणी बघेना. म्हणून सकाळी मी त्याच्या इंजिनाचा, इंधन पेटवणारा प्लग काढून खिशात टाकला. बीएस्सीत शिकलो ते खरं असेल, तर प्लगशिवाय इंजिन सुरू होत नाही.

"देख यार!" म्हणत श्रीरंगने इंजिन सुरू करायची दोरी ओढली.

इंजिन सुरू झालं. माथ्यावरचं प्लगचं भोक उघडंच होतं. बग्गी किंचाळत मैदानभर धावू लागली.

माझ्या सख्ख्या बहिणीने, वसुधाने, टाळ्या वाजवल्या. माझ्या खिशातला प्लग तापू लागला.

मी तो मुठीत आवळला. बग्गी मंदावली. मूठ सैल केली, ती सुसाट सुटली. मग मी चटका सोसत घट्ट आवळला.

"मूठ उघड ना यार," बग्गीवरची नजर न काढता श्रीरंग म्हणाला.