डावखुरं घराणं

"तलवार बघा, डाव्या हातात आहे!" अभिलेखागारातल्या एका मराठा सरदारांच्या जुन्या छापील चित्रावर बोट आपटत त्यांचे वंशज, सत्तरीतले तात्यासाहेब गरजले. "आमचं घराणंच डावखुरं. लहानपणी मी उजव्या हाताने घास उचलला की वडील छडी काढायचे. चौकातला पुतळाही डावखुराच बसवणार!"

अभिलेखपाल मृणालिनीबाईंनी जांभई दाबली. पूर्वजांच्या मिशांना पीळ देणारे असे वंशज त्यांनी पैशाला पासरी पाहिले होते. "तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं," असं सांगून त्यांनी मूळ चित्र काढणाऱ्या स्कॉटिश चित्रकाराचं पत्रच वाचून दाखवलं: 'कोरणारा गाढव हे विसरला, आणि माझ्या सरदाराच्या उजव्या हातातली तलवार डाव्या हातात गेली!'

"त्या गोऱ्याला काय अक्कल!" तात्यासाहेब फणकारले. "पुतळा डावखुराच होणार."

बाईंना हसू आवरेना. एवढ्यात चहा आला. तात्यासाहेबांनी सवयीने डावा हात पुढे केला, पण तो अर्ध्यावरच थांबला. मग वडील येतील की काय, अशी चोरटी नजर दाराकडे टाकून त्यांनी कप उजव्या हाताने उचलला.