दोन चमचे

"दारूच्या आधी कसा होता तुमचा नोहा?" समुपदेशक आरती मॅडमनी कागदावर पेन टेकवून विचारलं.

"सोन्यासारखा," मरियाबाई म्हणाल्या. उत्तर तोंडपाठ होतं. गेली बारा वर्षं अख्ख्या बेलापूरला त्या हेच सांगत आल्या होत्या. पोरगं सोन्यासारखं होतं, त्या गोरक्षच्या संगतीनं वाया गेलं. तीस वर्षं गावाला शिकवणाऱ्या बाई खोटं कशाला बोलतील? गावानं मान डोलावली. त्यापायी गोरक्षची जमत आलेली सोयरीकही मोडली. आज तोच गोरक्ष आपल्या टेम्पोतून त्यांना नगरच्या या व्यसनमुक्ती केंद्रात भेटीला घेऊन आला होता आणि बाहेर बाकावर बसला होता.

आरती मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्या सांगू लागल्या. नोहा दोन महिने दारूला शिवलेला नाही, तरी परवा शेजारच्या पेशंटनं जेवायला हाक मारली नाही एवढ्यावरून त्यानं हातानं काच फोडली, आणि तासाभरानं त्याच माणसाच्या गळ्यात पडून मला सोडून जाऊ नको म्हणून रडला. दारू हा एक आजार, हे स्वभावातलं दुखणं दुसरा. पुष्कळदा हे दुखणं आधीपासून असतं आणि माणूस त्यावर दारूचा उतारा शोधतो. नुसती दारू सोडवून घरी पाठवला तर महिन्याभरात पुन्हा प्यायला लागेल.

"किंवा पुढच्या वेळी काच नुसती फोडणार नाही, गळ्याला लावेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणून आधीचं खरं सांगा, मावशी."

आपलं ठेवायचं झाकून, हे मरियाबाईंना चांगलं जमायचं. पण आज झाकायला पदर उरला नव्हता. त्या टेबलाकडे बघत बोलू लागल्या.

नोहा पंधरा वर्षांचा होता. कुणी जरा नाराज झालं की भिंतीवर डोकं आपटायचा, विहिरीकडे धावायचा. घटकाभरात आई देवासारखी, घटकाभरात वैरीण. एका रविवारी त्यानं असंच घर डोक्यावर घेतलं. प्रार्थनेहून परतणारी माणसं दाराशी थबकली. शिक्षिकेच्या घरातला तमाशा! मरियाबाईंनी कपाटातली खोकल्याची ब्रँडी काढली आणि दोन चमचे गरम पाण्यातून त्याला पाजली. पोरगं निजलं. दारातली माणसं पांगली. मरियाबाईंना फार बरं वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

"पुढं तोच मागायला लागला," त्या म्हणाल्या. "मीही द्यायचे. घर शांत राहायचं. डॉक्टरकडे नेलं असतं, तर बाईंचा पोरगा वेडा म्हणून गावभर झालं असतं."

आरती मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं लिहून घेतलं आणि आता नीट उपचार करता येतील म्हणाल्या.

मरियाबाई बाहेर आल्या तसा गोरक्ष बाकावरून उठून उभा राहिला. चौथीत त्यांच्या वर्गात होता, तेव्हापासूनची सवय. त्यांना त्याच्याकडे बघवेना.

"गोरक्ष, नोहाला पहिली दारू मी पाजली."

त्यानं मान खाली घातली. "मला ठावं हाय, बाई. त्यानं तवाच सांगितलं हुतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुमी बाई हुता आमच्या," गोरक्ष म्हणाला, आणि त्यांच्या हातातली पिशवी घेऊन टेम्पोकडे चालू लागला.