मोकळा गळा

पेडगावच्या आश्रुबाच्या घशात चार वर्षं कफ चिकटून बसला होता. खाकरून खाकरून जीव मेटाकुटीला यायचा. शेवटी सून विजयमालानंच हट्ट धरून त्याला परभणीच्या डॉक्टरांकडं नेलं. "हा कफ छातीतला नाही, पोटातल्या आंबट पाण्याचा आहे," डॉक्टर म्हणाले. "तंबाखू सोडा, लवकर जेवा आणि जेवल्याबरोबर आडवं होऊ नका." दोन महिन्यांत गळा मोकळा झाला.

आज शेतातून येऊन त्यानं दाराला हात लावला, तर आत सून फोनवर दबक्या आवाजात माहेरी बोलत होती. "आई, मामांना हे म्हणू तरी कसं?"

सून मामा म्हणायची ती सासऱ्यालाच. आश्रुबाचा हात तिथंच थबकला. ही पोरगी आता वेगळं निघायचं म्हणती की काय, या धास्तीनं तो कान देऊन ऐकू लागला.

"पहिलं खाकरायचे, तर लांबूनच कळायचं. पदर घ्यायला सवड मिळायची. आता कवा मागं येऊन उभे राहतेत, पत्ताच लागंना. घरात हसायचीबी भीती वाटायलीय."



आश्रुबा पाय न वाजवता फाटकाबाहेर गेला आणि चार वर्षांत कधी खाकरला नव्हता, एवढ्या जोरानं खाकरला.