पेटीचं उद्घाटन

पेटी चालूच होती. आरतीने काचेच्या झाकणावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, इतकी ती गार होती.

"सकाळधरनं लावलीय," अजिनाथ म्हणाला. "गार व्हायला येळ लागतो. लाईटीचा भरवसा न्हाई, म्हणून तिसगावातनं जनरेटर बी आनून ठिवलाय."

आरतीला बरं वाटलं. ती पुण्याच्या ज्या संस्थेत काम करायची, ती संस्था खेडोपाडी सार्वजनिक कामांना लहान लहान अनुदानं द्यायची. कुठे वाचनालयाला, कुठे पाणपोईला. तिसगावजवळच्या या वस्तीने मागितली होती शवपेटी, मयत ठेवायची, विजेवर गार राहणारी. विश्वस्तांच्या बैठकीत तेव्हा कुणीतरी हसलंही होतं. आरती मात्र हट्टाला पेटली, कारण तिने फोनवर वैजनाथचं बोलणं ऐकलं होतं.

वैजनाथ हा लंकाबाईचा मुलगा, अजिनाथचा पुतण्या. दिवाळी सरली की वस्तीतली धडधाकट माणसं ऊसतोडीला जात, मागे म्हातारी तेवढी उरत. वैजनाथ बेळगावकडे एका कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. बाप गेला तेव्हा तो तिकडेच होता. घरी पोचला तोवर राखही सावडून झाली होती.

"मॅडम, बापाचं तोंड न्हाई दिसलं," एवढंच तो म्हणाला होता. "दुसऱ्या कुनाचं तसं होऊ नये."

पेटी येऊन आता बरेच दिवस झाले होते आणि ती तशीच पडून होती. वापर होत नसेल तर दुसऱ्या गावाला द्या, असं विश्वस्त म्हणू लागले होते. रीतसर उद्घाटन करावं, चार फोटो न्यावेत, म्हणजे त्यांची तोंडं बंद होतील, या हिशेबाने आरती आली होती. दिवसही वैजनाथनेच सुचवलेला. कालपासून मात्र त्याचा फोन बंद लागत होता.

लंकाबाईच्या अंगणात वस्तीवरच्या म्हाताऱ्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणी काही बोलत नव्हतं. पाहणीला कुणी आलं की बायका अशा गप्प होतात, हे आरतीच्या सवयीचं होतं. तिने पिशवीतून झेंडूचा हार आणि लाल फीत काढली.

"हार ऱ्हाऊ द्या आज," अजिनाथ म्हणाला.

साधी माणसं, आरतीच्या मनात आलं. तिने हार परत ठेवला, फीत मात्र पेटीच्या कड्यांना बांधली. कुणी नको म्हटलं नाही.

चहा शेजारच्या घरून आला. लंकाबाईने घेतला नाही. ती पेटीजवळ बसून फडक्याने काच पुसत होती. पुसून झालेली काच पुन्हा पुसत होती.

"मावशी, वैजनाथ कुठाय? फोन लागत नाही त्याचा."

"यायलाय. वाटंत हाय."

"आज येतोय?"

"व्हय. रातीच निघालीय गाडी."

"पंकजा बी निघालीय बारडोलीवरनं," अजिनाथ म्हणाला. "त्याची भन. ती उद्या सकाळी पोचंल."

"म्हणजे दोन्ही लेकरं घरी," आरती हसून म्हणाली.

लंकाबाईने मान हलवली.

"मग मी थांबते. त्याच्यामुळेच तर हे सगळं झालं. फीतही त्याच्याच हातून कापू."

भिंतीजवळच्या एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. अजिनाथ पुढे झाला. "मॅडम, खरं सांगायचं तर आज तुमी..."

"असू दे, भाऊजी," लंकाबाई म्हणाली. "लांबनं आल्यात त्या. त्याचं लई बोलनं व्हायचं त्यांच्यासंगं. थांबू द्या."

ऊन अंगणातून सरकत भिंतीवर गेलं. आरतीला एक प्रश्न विचारायचा होता आणि विचारायची लाजही वाटत होती.

"राग मानू नका मावशी. पण पेटी अजून कुणासाठीच लागली नाही ना?"

"न्हाई. अजून न्हाई."

"चांगलंच आहे ते. मला फक्त कागदावर लिहावं लागतं म्हणून विचारलं."

"लिवा की. मानसं मरत्यात, बाई. त्यात काय." बाजार बुधवारी भरतो असं सांगावं, तशा आवाजात लंकाबाई बोलली.

आरतीला वैजनाथचे फोन आठवले. "त्याला फार घाई असायची. मॅडम, पेटी कधी येनार, पेटी कधी येनार, असं सारखं विचारायचा."

"व्हय," लंकाबाई म्हणाली. "घाईच हुती त्याला."

अजिनाथचा फोन वाजला. त्याने ऐकून घेतलं आणि हळूच सांगितलं, "करंजी घाट ओलांडला, वैनी."

"सावकाश आना म्हनावं," लंकाबाई म्हणाली. "रस्ता लई खराब हाय."

ती उठली, तोंडावर पाणी मारून आली, पदर नीट केला. बायकाही उठून उभ्या राहिल्या. आरतीने कात्री हातात घेतली, मोबाईलचा कॅमेरा सुरू केला. आई आणि मुलगा पेटीपाशी उभे, असा फोटो आधी घ्यायचा तिने ठरवलं.

पांढरी गाडी वस्तीत शिरली. अंगणासमोर वळली आणि मागे मागे येत दाराशी थांबली. पुढून फक्त ड्रायव्हर उतरला. वैजनाथ कुठून उतरतोय ते पाहायला आरती मोबाईल उंच धरून दोन पावलं पुढे गेली. लंकाबाईने फीत सोडून बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी पेटीचं झाकण उघडलं आणि अजिनाथला म्हणाली, "डोक्याकडनं नीट धरा, भाऊजी. पंकजा येईस्तवर माझा वैजनाथ हितंच ऱ्हाईल."