तेल कोण लावतं

आई गेल्यावर तिच्या कपाटात वैद्यांच्या तेलाच्या अकरा सीलबंद बाटल्या निघाल्या. अंगभर ठणका असलेल्या बाईच्या गळ्यात हा माणूस वर्षानुवर्षं तेल मारत होता, असा लेकीचा पक्का संशय. पिशवी टेबलावर ठेवून तिनं विचारलं, “गुण येत नव्हता, तरी देतच राहिलात?” वैद्यांनी एक सील अंगठ्यानं चाचपलं आणि केसपेपर काढला. “पाठीला स्वतःचा हात पोचत नाही, म्हणून मी दरवेळी विचारायचो, तेल कोण लावतं. त्या म्हणायच्या, लेक रोज टाचेपर्यंत चोळून देते.” ‘म्हातारा बनेल आहे,’ असं मनाशी म्हणत तिनं कागद ओढून घेतला. प्रत्येक तारखेपुढे ‘लेक लावते’ लिहिलेलं. जुन्या नोंदींची शाई पार फिकटली होती. “ती लेक म्हणजे तुमची थोरली बहीण का?” वैद्यांनी सावकाश विचारलं. “हो, ताईच,” एकुलती एक लेक म्हणाली.