दंव न पडलेली रेघ

तलावाच्या पाळीवर, पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर, रत्नाबाईच्या शेळ्या एकामागे एक, सरळ ओळीत बसल्या होत्या. पौषातले दंव साऱ्या गवतावर पांढरे होऊन पसरले होते. शेळ्यांच्या अंगाखालची रेघ तेवढी कोरडी होती. पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती सुतात धरल्यासारखी गेली होती.

तुलाराम थांबला. तो या तलावाचा पाणकर. पाणी केव्हा सोडायचे, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती द्यायचे, हे काम त्याच्या घराण्यात पाच पिढ्या चालत आले होते. पाणकराने पाळीवर वहाण घालू नये, असा दंडक होता, आणि तो केवळ आदराचा नव्हता. पाळीत कुठे पाणी झिरपू लागले तर ते डोळ्यांआधी तळपायाला कळते. तिथली माती गार लागते. वडिलांनी त्याला लहानपणी डोळे बांधून या पाळीवरून चालवले होते. गारव्याचे भय तेव्हापासून त्याच्या पायांत मुरले होते. आज मात्र पायाखालची माती कोमट होती, आणि त्याविषयी वडिलांनी काही सांगून ठेवले नव्हते.

पाळीच्या पायथ्याशी वीस घरे होती. त्यांतले पहिले रत्नाबाईचे. ती अंगणातून वर पाहत म्हणाली, "कंपनीनं माह्या बकऱ्यायले हिटर लावून देला, भाऊजी. आमी माणसंच उघड्यावर."

तो शिष्टाचारापुरता हसला. मार्गशीर्षात ही रेघ वीतभर होती. पायवाट समजून त्याने ती ओलांडली होती. आता तिच्यात शेळी आडवी मावत होती. त्याने गुडघे टेकून गवत बाजूला सारले. मधोमध नखाएवढी बारीक भेग होती. धानाची काडी आत सोडली, ती सबंध गेली. मग त्याने तलावातून लोटाभर पाणी आणून भेगेत ओतले. बुडबुडा आला नाही, आवाज झाला नाही. पाणी गेले.

या रेघेखाली केबल होती, महामार्गावर कंपनीने उभारलेल्या मोटारींच्या चार्जिंग स्टेशनची. गेल्या उन्हाळ्यात तलाव आटला असताना ती पाळीच्या माथ्यातून पुरली गेली. वीज उपकेंद्रापासून तोच मार्ग जवळचा होता. ग्रामसभेच्या त्या ठरावावर तुलारामचीही सही होती. माती नीट चोपून बसवा, एवढीच अट त्याने घातली होती, आणि कंपनीने ती मनापासून पाळली होती.

तुलाराम त्या स्टेशनवर गेला. शहापूरच्या अलीकडे, छपराखाली, चोवीस यंत्रे ओळीने उभी होती. चार चालू होती. उरलेल्यांवरचे प्लास्टिक अजून निघाले नव्हते. तिथली देखरेख करणारा जीवन हा सानगडीचा, माणसाला मान देणारा तरुण. त्याने तुलारामला खुर्ची दिली, चहा मागवला, सारे ऐकून घेतले.

"केबल थोडीफार तापतेच, काका. अन् आता तं चारच मशिनी चालू हायेत."

"मंग चोवीस चालतीन तवा?"

"त्याच्यासाठीच तं आतापासून टाकून ठेवली," जीवन निष्पाप अभिमानाने म्हणाला. सव्वीस जानेवारीला आणखी आठ सुरू होणार होती. तरीही त्याने तुलारामच्या समोरच वरच्या साहेबांना फोनवर लिहून कळवले. चहा संपायच्या आत उत्तर आले: तापमान मर्यादेत आहे. ती मर्यादा केबलची होती. तापून सुकणारी माती कुठवर भेगाळायची थांबते, ही मातीची मर्यादा कोणी विचारली नव्हती.

सायंकाळी तो पाणी समितीचे प्रमुख भोजराज यांच्या ओसरीवर गेला. भेगेत पाणी शिरले तर पाळ फुटेल, तलाव निम्मा उतरवू द्या, अशी विनंती त्याने केली. माघी पौर्णिमेची पूजा होण्याआधी तुडूम, म्हणजे तलावातला पाणी सोडण्याचा दगडी मार्ग, उघडायचा नाही, ही रीत होती. जो पाणकर आपल्या मनाने उघडेल, त्याने पाणकीची काठी गावाच्या हवाली करायची. ते काम पुन्हा त्याच्या घरात येत नसे. भोजराज वाईट माणूस नव्हते. साऱ्या गावाचे उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपांचे वाफे, टाकून झाले होते आणि ते याच पाण्याच्या आशेवर होते.

"तुया तळपायाच्या भरोशावर आमी धान बुडवाचा काय, तुलाराम?" ते म्हणाले. ओसरीवरची माणसे हसली. तुलारामने खाली आपल्या पायांकडे पाहिले.

सत्तावीस तारखेला सकाळी तो पाळीवर आला तेव्हा भेगेत त्याचे बोट गेले. तो क्षणभर हात जोडून उभा राहिला. मग तुडुमाच्या पायऱ्यांनी छातीभर गार पाण्यात उतरला आणि त्याने सर्वांत वरचे लाकडी बूच उपसले. पाणी गुरगुरत निघाले. ओल्या अंगाने वर येऊन त्याने वडिलांची काठी पाळीवर आडवी ठेवली, कोणीही येऊन उचलावी अशी. तलावाची पातळी भेगेच्या तळाखाली उतरायला त्याच्या हिशोबाने नऊ दिवस लागणार होते.

रत्नाबाई पाण्याचा आवाज ऐकून धावत आली. "काहून खोलला, भाऊजी? अजून पूजा नाई झाली."

"लेकरायले घेऊन माहेरी जाय, रत्नाबाई. नऊ दिवस."

दूर छपराखाली पांढऱ्या मोटारी रांगेने वळत होत्या. तिने मान वर करून पाळीकडे पाहिले. कळपातली एकही शेळी आता दंवात नव्हती. साऱ्या ऐसपैस पसरून बसल्या होत्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना आणखी तितक्याच मावतील एवढी कोरडी जागा होती.