हिरवं कार्ड

बाळंतपणाला माहेरी आलेल्या उज्ज्वलाचे डोळे महिनाभरात हळदीसारखे पिवळे झाले. बीडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या बापाला पहिलं हेच विचारलं, "गावचं पाणी कसंय?"

बाप गहिनीनाथ ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. पाण्याचे नमुने तपासायला पाठवायचं काम त्याचंच. छाती काढून म्हणाला, "बाई, पाच वर्सं झाली, गावाला जिल्हा परिषदेचं हिरवं कार्ड हाय. लई चोख पाणी!" पंचायतीच्या भिंतीवरच्या त्याच कार्डाखाली उभं करून सरपंचानं त्याला शाल-नारळही दिला होता.

बाईंनी पाण्याचा संशय सोडला आणि तीन दिवस दुसरीच कारणं शोधली. चौथ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. हेपेटायटिस ई. गटाराचं पाणी पोटात गेल्यानं होणारी कावीळ, गरोदर बाईचा तर जीवच घेणारी. तोवर उज्ज्वला बेशुद्ध पडली होती. संध्याकाळी ती गेली, पोटातलं लेकरूही गेलं.

"आवं, दावा की आता तिला तुमचं कार्ड!" उज्ज्वलाची आई भामाबाई नवऱ्याच्या अंगावर धावून गेली.

डॉक्टरीणबाई खाली मान घालून म्हणाल्या, "गावात आणखी गरोदर बायका असतील. उद्या नळाचं पाणी आणून द्या, मी स्वतः तपासून घेते."

दुसऱ्या दिवशी लेकीची राख सावडायच्या आधी गहिनीनाथ बाटली घेऊन निघाला.


पाच वर्षांत पहिल्यांदाच त्यानं नमुन्याची बाटली सरपंचाच्या घरच्या फिल्टरऐवजी गावच्या नळाखाली धरली.